पेला कुणाच्या हातात आहे?

दिवाळीच्या सुट्टीनंतर माझा बी.एड.चा एक वर्गमित्र घरी आला. तो इथल्याच एका मराठी शाळेत शिकवतो, मी उर्दू शाळेत. त्याचा मुलगा नोकरीसाठी जर्मनीत आहे, म्हणून नवरा-बायको तीन आठवडे तिकडे जाऊन आले. माझ्या मुलांसाठी चॉकलेट, अम्मीसाठी एक गरम शाल, आणि माझ्यासाठी मोबाईलमध्ये भरून आणलेले फोटो. चर्चचे फोटो होते, पुलांचे होते, पण निम्मे फोटो पेल्यांचे होते. उंच पेला, बुटका पेला, दगडी मग, नळकांडीसारखा बारीक ग्लास. प्रत्येक गावाची बीअर वेगळी आणि प्रत्येक बीअरचा पेलाही वेगळा.

"तू पीत नाहीस हे ठाऊक आहे," तो म्हणाला, "पण ऐकशील तर खरं."

मी ऐकलं, आणि खोटं कशाला बोलू, मला मजा आली. बव्हेरियात १५१६ साली फर्मान निघालं की बीअर फक्त जव, हॉप नावाच्या वेलीची फुलं आणि पाणी यांचीच करायची. पाचशे वर्षांनंतरही तिथले लोक ते फर्मान अभिमानाने सांगतात. चेक देशातल्या पिल्सेन गावात १८४२ साली पहिल्यांदा ती सोनेरी, पारदर्शक बीअर तयार झाली, जिची नक्कल आज जगभर चालते. कोलोन शहरात बीअर छोट्या, बारीक ग्लासात देतात. ग्लास रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा आणून ठेवतो. पुरे झालं असेल तर ग्लासावर पुठ्ठ्याची चकती ठेवायची. चकती दिसली की तो थांबतो. त्या बीअरचं नावही राखीव आहे, कोलोनच्या परिसराबाहेर कुणी ते वापरू शकत नाही. बेल्जियममध्ये तर ख्रिस्ती मठांतले साधू बीअर गाळतात, आणि २०१६ साली युनेस्कोने बेल्जियमची बीअर-संस्कृती मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातली.

चहा झाला. विषय शाळेवर आला. पटसंख्या, पोषण आहार, गैरहजेरी. आदिवासी पट्ट्यातल्या मुलांचा विषय निघाला तसा माझा मित्र सहज म्हणून गेला, "अरे, त्यांचं काय होणार? आईबाप मोहाची ढोसून पडलेले. ती पोरं काय शिकणार?"

तो वाईट माणूस नाही. त्याच्याइतकं जीव तोडून शिकवणारे मास्तर मी कमी पाहिले आहेत. पण जेमतेम पंधरा मिनिटांपूर्वी हाच माणूस मठातल्या साधूंची दारू कौतुकाने सांगत होता. तिथला पेला म्हणजे संस्कृती, इथला पेला म्हणजे 'ढोसणं'. तो गेल्यावरही ही गोष्ट डोक्यातून जाईना, म्हणून हा लेख.

आधी माझी बाजू स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज नको. मी दारू पीत नाही. कधी प्यायलो नाही. ती माझ्यासाठी हराम आहे आणि मला त्यात काही कमी पडल्यासारखं वाटत नाही. परदेशात जाऊन तिथली बीअर चाखणं हा माझा विषय होऊच शकत नाही असं कुणाला वाटेल. पण गंमत अशी की हा प्रश्न आपल्याकडे चौदाशे वर्षांपूर्वीच विचारला गेला आहे. हजरत अबू मूसा अशअरी यांना पैगंबरांनी (स.) यमनला पाठवलं, तेव्हा त्यांनी तिथल्या स्थानिक पेयांबद्दल विचारलं. एक मधापासून करत, एक जवापासून. म्हणजे जवाची बीअरच म्हणा. उत्तर मिळालं ते पेयाच्या नावावर नव्हतं, गावावर नव्हतं, ते कशापासून केलं यावरही नव्हतं. जे नशा आणतं ते सगळं हराम, एवढंच. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत ही नोंद आहे.

मला या उत्तरातलं जे भावतं ते हे, की त्यात पेला कुणाच्या हातात आहे हा प्रश्नच नाही. श्रीमंताचा द्राक्षरस आणि गरिबाचं जवाचं पाणी यांना एकच माप लावलं आहे.

पुढे आपल्याच विद्वानांत यावर बरीच चर्चा झाली, हेही सांगायला हवं. जुन्या कूफा शहरातल्या हनफी विद्वानांनी धान्याच्या आणि मधाच्या पेयांबाबत थोडी सैल भूमिका घेतली होती. नंतर इमाम मुहम्मद यांचं कडक मत फतव्यासाठी स्वीकारलं गेलं आणि आज आपण हनफी लोक तेच मानतो. चौदाव्या शतकात इब्न बतूता किपचाकच्या गवताळ मुलखात, म्हणजे आजच्या दक्षिण रशियाच्या बाजूला पोहोचला, तेव्हा त्याच्यापुढे एक पांढरं पेय आलं. त्याने तोंडाला लावलं, आंबट लागलं, बाजूला ठेवलं. मग चौकशी केली. ते एका भरड धान्यापासून करतात, त्याला बूझा म्हणतात, आणि ही माणसं हनफी असल्यामुळे त्यांना ते चालतं, असं त्याने लिहून ठेवलं. स्वतः मालिकी पंथाचा काझी असलेला हा माणूस तिथे थयथयाट करत नाही. स्वतः पीत नाही आणि यजमानाला कमीही लेखत नाही. प्रवासी कसा असावा याचा हा धडा मला फार मोलाचा वाटतो.

माझा स्वतःचा परदेशप्रवास एकच. २०१९ च्या मे महिन्यात, शाळेला उन्हाळी सुट्टी आणि रमजान एकत्र आले, तेव्हा अम्मीला घेऊन उमऱ्याला गेलो. मक्केत आमच्या मुक्कामाजवळ एक बकाला होता. तिकडे किराणा दुकानाला बकाला म्हणतात. इफ्तारच्या आधी मी पाणी आणायला गेलो तर फ्रीजमध्ये हिरव्या-सोनेरी डब्यांची रांग. डब्यावर जवाची ओंबी, वर फेसाचं चित्र. माझ्यासोबत आमच्याच जिल्ह्यातले एक वयस्कर गृहस्थ होते. ते दोन पावलं मागे सरले. "तौबा तौबा, मास्टर! ये तो बीअर है! यहां?"

दुकानदार केरळचा होता. त्याला असे प्रसंग रोजचे असावेत. त्याने हसत सांगितलं की हे जवाच्या माल्टचं पाणी आहे, नशा शून्य. इराणमध्ये याच पेयाला माउश्शईर, म्हणजे सरळ 'जवाचं पाणी', म्हणतात. चाचांनी शेवटपर्यंत हात लावला नाही. मी एक डबा घेतला. चव? ओल्या धान्याच्या कोठीत तोंड उघडून श्वास घ्यावा तशी. दुसरा डबा घेतला नाही.

पण त्याच गल्लीत एक माणूस प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून पांढरं आणि लाल असं एक पेय विकत होता. सोबिया. हिजाजचं खास रमजानचं पेय. जव किंवा वाळलेली रोटी भिजवायची, गाळायची, साखर, वेलची, दालचिनी घालायची आणि ताजं असतानाच संपवायचं. जास्त ठेवलं तर ते आंबतं आणि मग पिण्याजोगं राहत नाही. अम्मीने पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "अरे, ये तो अपनी अंबील है!" आमच्याकडे उन्हाळ्यात ज्वारीची अंबील होते. तिने मक्केच्या गल्लीत यवतमाळचं स्वयंपाकघर ओळखलं.

त्या दिवशी मला एक साधी गोष्ट कळली. धान्य भिजवायचं आणि त्याला थोडं आंबू द्यायचं, ही जगभरच्या बायकांची जुनी युक्ती आहे. कुठे ती अंबिलीवर थांबते, कुठे सोबियावर, कुठे पुढे जाऊन बीअर होते. नीरेचंही तेच. पहाटे उतरवलेली नीरा गोड, ऊन चढलं की ताडी. पैगंबरांसाठी (स.) खजूर पाण्यात भिजवून ठेवत आणि ते पाणी ठरावीक मुदतीच्या आतच पीत, पुढे नाही, हे हदीसमध्ये आलंच आहे. हलाल आणि हराम यांच्या मधली रेघ कधी कधी घड्याळाच्या काट्याने ओढलेली असते. ती ओलांडायची नाही हे खरं. पण रेघेच्या या बाजूला केवढं मोठं, चविष्ट जग आहे, हे आपण आपल्या मुलांना सांगतच नाही. आपण फक्त 'नको' सांगतो.

भाषेचा मास्तर असल्यामुळे इथे थोडं विषयांतर करतो. 'शराब' या शब्दाचा अरबीतला मूळ अर्थ फक्त 'पेय'. 'शरबत' त्याच धातूतून आलं. उर्दूने एका भावाला दारूच्या दुकानात बसवलं आणि दुसऱ्याला इफ्तारच्या दस्तरखानावर. 'दारू' हा फारसी शब्द, मूळ अर्थ औषध. मराठीत आपण अजून 'दवादारू' म्हणतोच. आणि कुरआनात मद्याला 'खम्र' म्हटलं आहे, त्याच्या धातूचा अर्थ झाकणं. बायका डोक्यावर घेतात तो 'खिमार'ही त्याच धातूचा. जे अक्कल झाकतं ते खम्र. उर्दूच्या तासाला साकी आणि मैखाना आला की पोरं एकमेकांकडे बघून हसतात. मी त्यांना रियाज खैराबादींबद्दल सांगतो. शराबेवर आयुष्यभर शेर लिहिले आणि, म्हणतात, एक थेंबही चाखला नाही.

आता मोहाकडे येतो.

२००९ ते २०१६ मी मारेगाव तालुक्यातल्या एका मराठी शाळेवर होतो. शाळेत कोलाम आणि गोंड मुलं बरीच होती. कोलामांच्या वस्तीला तिकडे पोड म्हणतात. मार्च लागला की वर्ग ओस पडायचा. मोहफूल पहाटे गळतं. अंधार असतानाच आया, आज्या आणि पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. ऊन चढण्याआधी वेचून घ्यायचं, अंगणात वाळवायचं, निम्मं बाजारात, निम्मं घरात. त्या फुलात साखर भरपूर. भाजून खातात, उकडून खातात, भाकरीत घालतात. बियांचं तेल निघतं. ज्यांच्या घरात पावसाळ्याच्या तोंडाला दाणे संपतात, त्यांच्यासाठी हे झाड म्हणजे कोठार. आणि हो, त्याची दारूही निघते. पूजेत लागते, लग्नात लागते, मयतीला लागते.

२०१२ ची गोष्ट. पाचवीतला एक मुलगा सलग चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला तो तसाच मागच्या भिंतीला टेकून बसला. विचारलं तर म्हणाला, "मायले नेलं, सर."

पोडावर धाड पडली होती. सडवा सापडला. सडवा म्हणजे आंबवायला ठेवलेला मोह. मडकी फोडली, सडवा ओतून दिला आणि त्याच्या आईला गाडीत घालून नेलं. दारूबंदी कायद्याचं कलम ६५. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तीन ओळी आल्या, 'इतक्या रुपयांचा मुद्देमाल नष्ट'. त्या तीन ओळींत मुलगा नव्हता. त्याची धाकटी बहीण चार दिवस शेजारच्या घरी होती आणि बाप आंध्रात कामाला गेलेला. जामीन करायला जो माणूस पुढे आला त्याने त्या वर्षीचा सगळा वाळलेला मोह पडत्या भावात उचलला.

मी ती बाई दारू गाळत नव्हती असं म्हणत नाही. गाळत होती, विकतही होती. आणि त्याच पोडावर दुसऱ्या एका बाईने मला डोक्यावरची खोक दाखवली होती, नवऱ्याने पिऊन मारल्याची. हातभट्टीत नवसागर आणि युरिया टाकणारे लोकही मी ऐकून-पाहून आहे. त्याने माणसं मरतात. तेव्हा 'आदिवासींची गोड परंपरा' असं चित्र रंगवायला मी तयार नाही. दारू पोडावर घर मोडते तशीच बंगल्यातही मोडते.

माझा प्रश्न मापाचा आहे. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा-पेय ठरवलं. काजूचं झाड मुळात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूलाच 'हेरिटेज' म्हणून मान्यता दिली. आपल्या राज्यात जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. तेव्हा कारण दिलं गेलं ते द्राक्षबागायतदारांच्या हिताचं. वाइन म्हणजे दारू नव्हेच, असंही ऐकायला मिळालं. द्राक्ष पिकवणारा शेतकरी, आणि मोह वेचणारी बाई आरोपी. २०२१ साली सरकारने मोहफूल वेचण्या-साठवण्यावरची बंधनं सैल केली, हे चांगलं झालं. म्हणजे तोवर जंगलात पडलेलं फूल घरात किती ठेवायचं यावरही पहारा होता.

मोहाच्या दारूला परवाने द्या, बाटलीवर सोनेरी चिठ्ठी लावा, असं माझं मागणं नाही. माझ्या दीनने मला ती मुभा दिलेली नाही आणि पोडावरची खोक मी विसरलेलो नाही. मी एवढंच म्हणतो की कायदा आणि आपली जीभ, दोन्ही पेल्याकडे बघण्याआधी हाताकडे बघतात. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी कायद्याने परवाना लागतो. शहरातल्या बारमध्ये बसलेल्या किती जणांच्या खिशात तो असतो? त्यांची आई कुणी गाडीत घालून नेली?

बंदीचंही पाहिलं. आमच्या जिल्ह्याच्या एका अंगाला वर्धा, गांधी-विनोबांचा जिल्हा, तिथे कित्येक दशकांची दारूबंदी. दुसऱ्या अंगाला चंद्रपूर, तिथे १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली आणि २०२१ साली उठली. मी मारेगावात होतो तेव्हाच ती लागू झाली. नदीपलीकडे दुकानं बंद झाली आणि आमच्या बाजूच्या रस्त्यांवर रात्रीची वर्दळ वाढली. माझ्याच शाळेतून आठवीत गळालेली दोन पोरं नवीन दुचाकीवर दिसू लागली. काय पोहोचवतात हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच काळात यवतमाळच्या बायाही जिल्हाबंदीसाठी रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. ज्या बाईच्या घरात रोज रात्री बाटली येते तिला धोरणाची चर्चा नको असते, दुकानाला कुलूप हवं असतं. मतदान घेऊन बाटली आडवी करण्याचा हक्क बायकांना मिळाला, तो मला बंदीच्या सरकारी फर्मानापेक्षा जास्त खरा वाटतो, कारण तिथे निर्णय भोगणाऱ्याच्या हातात असतो.

इथवर वाचून आपले काही बांधव मनात म्हणत असतील, हा सगळा त्यांचा प्रश्न. आपल्यात कुठे पितात?

बदली होऊन यवतमाळला आलो त्यानंतर दोनेक वर्षांनी, पालकसभा संपल्यावर एक बाई थांबली. सगळे गेल्यावर बोलली. मुलगी अभ्यासात चांगली होती आणि अचानक घसरली होती. मी विचारलं, घरात काही अडचण? तिने बुरख्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग म्हणाली, "सर, इनके अब्बा पीते हैं. रोज. पर हमारे में तो कोई पीता नहीं ना. फिर मैं किसको बोलूं?"

या वाक्यावर मी आजवर अनेकदा अडलो आहे. शेजारच्या वस्तीतल्या बाईला निदान ओरडायची सोय आहे. ती बचत गटात बोलते, मोर्चात जाते, सरपंचाच्या दारात बसते. आमच्या मोहल्ल्यातल्या बाईला ती सोयही नाही, कारण आम्ही जाहीर करून टाकलं आहे की हा आजार आमच्यात नाहीच. माहेरी सांगावं तर बदनामी, मशिदीत सांगावं तर बदनामी. नवरा पितो हे त्याचं पाप. ते झाकून ठेवायची मजुरी मात्र तिच्याकडून घेतली जाते. खम्र म्हणजे जे झाकतं ते. इथे अक्कल एकाची झाकली जाते आणि तोंड दुसरीचं.

पाकिस्तानचं उदाहरण यासाठीच डोळे उघडणारं आहे. तिथे मरीची ब्रुअरी १८६० च्या सुमारास इंग्रजांनी त्यांच्या सैनिकांसाठी उभारली. ती आज रावळपिंडीत आहे, मालक पारशी. १९७७ साली मुसलमानांसाठी दारू बंद झाली, कायद्याने ती फक्त बिगरमुस्लिमांना परवान्यावर मिळते. कारखाना मात्र चालू आहे. मूठभर अल्पसंख्याक एवढी बीअर पितात यावर तिथेही कुणाचा विश्वास नाही. पाटी लावल्याने तहान जात नाही. आपल्याकडे पाटीही लावावी लागत नाही, आपण गृहीतच धरतो.

आपली तरुण मुलं गोव्याला जातात. परत आल्यावर मित्रांच्या गटात म्हणतात, बीअर म्हणजे काही दारू नव्हे. वाइनबद्दल नेते जे बोलले तेच. त्यांना रागावून काही होत नाही, मी रागावून पाहिलं आहे. यमनचा तो प्रश्न आणि त्याचं उत्तर सांगितलं की निदान थांबून ऐकतात. प्रश्न विचारणं गुन्हा नाही हे त्यांना पहिल्यांदा कळतं.

त्या बाईचं काय झालं? मी आमच्या मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांकडे गेलो. नाव न घेता सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. पुढच्या जुम्याला त्यांनी दारूच्या अजाबावर बोलणं टाळलं, ते दरवर्षी होतंच. ते एवढंच बोलले की ज्या घरात हा आजार आहे त्या घरातल्या बाईला आणि मुलांना लाज वाटायचं कारण नाही, त्यांनी बोलावं, आणि ऐकणाऱ्याने ते आपल्यापाशी ठेवावं. कुरआनने ही सवय एका दिवसात तोडली नाही, टप्प्याटप्प्याने सोडवली, आधी सूरह बकरा, मग निसा, मग माइदा, हेही त्यांनी आठवण करून दिलं. त्यानंतर महिन्याभरात आणखी दोन घरांतून निरोप आले. त्या मुलीच्या बापाला आम्ही सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात नेलं. तो सहा महिने राहिला कोरडा, मग घसरला, मग परत गेला. आजही असंच चाललं आहे. गोष्ट सुफळ संपूर्ण झालेली नाही. पण मुलगी दहावी झाली, आणि तिची आई आता माझ्याशी मान वर करून बोलते.

म्हणून मला वाटतं, तीन वेगवेगळे चश्मे आपण खाली ठेवावेत. युरोपातल्या पेल्यासाठी कौतुकाचा, पोडावरच्या मडक्यासाठी तुच्छतेचा, आणि आपल्या मोहल्ल्यातल्या बाटलीसाठी काळा. एकच नजर ठेवावी. पिण्याने कुणाचं काय होतं, भोगतं कोण, आणि त्या भोगणाऱ्याला बोलायला जागा आहे का. कोलोनमध्ये ग्लासावर चकती ठेवली की वेटर थांबतो. आपल्याकडच्या बायकांच्या हातात ठेवायला ती चकतीही नाही.

हे सगळं मी माझ्या मित्राला बोलून दाखवलं. त्याला वाईट वाटलं, पण तो उठून गेला नाही. म्हणाला, "चल, मला दाखव." यंदा मार्चमध्ये एका रविवारी आम्ही पहाटे चारला निघून त्या पोडावर गेलो. माझा तो पाचवीतला विद्यार्थी आता मोठा झाला आहे, लग्न झालं आहे. त्याची आई झाडाखाली फुलं वेचत होती. मित्राने एक ताजं फूल तोंडात टाकलं, चावलं आणि म्हणाला, "अरे, हे तर मनुक्यासारखं लागतं." मीही खाल्लं. हलाल आणि गोड.

मग त्याने सवयीने मोबाईल काढला. उजेड छान पडला होता, झाड, टोपली, पिवळी फुलं. म्हातारीने टोपली पदराआड ओढली.

"फोटो कायले काढता, सायेब? ठाण्यात दावाले का?"

माझ्या मित्राने मोबाईल खिशात ठेवला.